पाट धरणाऱ्या मुलीनं माफी का मागायची?

संपादकांचा निरोप आला की मावशी, दिवाळीचा अंक आहे, प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहा, जड काही नको. गमती पुष्कळ आहेत. पण डोक्यात एक राग ठाण मांडून बसलाय, आणि तो सांगून झाल्याशिवाय मला गंमत आठवायची नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी नागपुरात बेसा भागातल्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. म्हणजे प्रयोगाच्या आधी सामान मांडायचं, नंतर पुसून कपाटात ठेवायचं, आणि मधल्या वेळात पोरांनी ते फोडू नये म्हणून जीव मुठीत धरून उभं राहायचं. माझं माहेर राजापूरकडचं. सातवीनंतर हायस्कूल खाडीपलीकडे होतं. पावसाळ्यात होडी बंद राहायची, आणि वडील म्हणाले, पुरे झालं. लग्न झालं आणि मालकांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, लेथच्या कामापायी इतक्या लांब आले. इथली भाषा कळायलाच दोन उन्हाळे गेले. शेजारीण म्हणायची, "काय करून राहिली वं?" आणि मला वाटायचं, मी कुठे राहिले हे ही का विचारते.

मालकांचं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवसाहेबांनी मला कामाला घेतलं. आधी झाडलोट दिली, मग प्रयोगशाळा, कारण तिथं काच फुटते आणि बोलणी बसतात म्हणून दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. त्या माणसाचे उपकार मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे येणार आहे ते वाचून कोणी मला कृतघ्न म्हणू नये.

मी आले तेव्हा प्रयोगशाळा लखलखीत होती. कारण तिथं कोणी प्रयोग करत नव्हतं. आधीचे सर फळ्यावर आकडे लिहून द्यायचे, पोरं ते प्रयोगवहीत उतरवायची, सही व्हायची, झाला प्रयोग. सामान कपाटाबाहेर यायचं ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला. तराजू, कप्प्या, वजनं, स्प्रिंगचे काटे सगळं टेबलावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा, पोरांनी रांगेत येऊन लांबून हात जोडायचे. दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा कुलूप. मी स्वतः भक्तिभावानं करायची हो हे सगळं. मग बोरकुटे मॅडम आल्या, नवीन, विज्ञान शिकवायला. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मावशी, कप्पी द्या." मी दिली. त्यांनी दोरा घातला आणि ओढला. कप्पी फिरेना. खाचेत आणि आसात इतक्या वर्षांचं कुंकू तेलाबरोबर घट्ट बसलं होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही, टाचणी घेऊन खरवडायला बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पूजा करायची तर फिरवून करू ना, मावशी." त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

तर न्यूटनचे नियम. मी सातवी शिकलेली बाई, मला गणित विचारू नका. पण ते नियम मी डोळ्यांनी पाहिलेत, वर्षानुवर्षं. मॅडमची रीत अशी होती की पुस्तक मागून, आधी हात. मालकांनी वर्कशॉपातल्या झिजलेल्या बेअरिंगा आणि फळ्या जोडून दोन गाड्या करून दिल्या. पोरं गल्लीत उतारावर चालवतात तशाच, फक्त बसायला रुंद. शाबादी फरशीवर त्या अशा खडखडत पळायच्या की खालच्या मजल्यावरचे गुरुजी वर यायचे.

गाडीवर बाहुली ठेवायची, गाडी ढकलायची आणि पायानं अडवायची. गाडी थांबते, बाहुली तोंडावर पडते, कारण तिला कोणी थांबवलेलं नसतं. हा पहिला. मग गाडीवर एक पोरगं बसवायचं आणि ढकलायचं, नंतर तीन बसवून तसंच ढकलायचं. एकटा भुर्रकन जातो, तिघं जेमतेम सरकतात. हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे दोन गाड्यांवर दोघांनी समोरासमोर बसायचं, एकानं दुसऱ्याला ढकलायचं. पोरं आधी पैज लावायची: ज्याला ढकललं तो जाईल, ढकलणारा जागेवर राहील. मग ढकलणाराही मागे जायचा आणि वर्गात जी काय बोंब उठायची! "अबे, हे काहून झालं?" "माह्या हातानं माह्यीच गाडी?" त्या 'काहून'साठीच तर सगळा खटाटोप. मॅडम लगेच उत्तर द्यायच्या नाहीत. पुन्हा करा, म्हणायच्या.

एक अडचण मात्र होती. नववीत मुलंमुली एकत्र, आणि मुलानं मुलीच्या तळहाताला हात लावून ढकलायचं म्हणजे पालक शाळा डोक्यावर घेतील. मुलामुलांच्या जोड्या लावाव्यात तर वजनं जुळत नाहीत, गाड्या दोनच, तास संपतो. तेव्हा मी घरून जेवायचा पाट आणला. ज्याला ढकलायचं त्यानं पाट छातीशी दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखा धरायचा आणि समोरच्यानं पाटाला ढकलायचं. हाताला हात लागत नाही, प्रयोग होतो. आमच्या शाळेशिवाय तिसरा नियम पाटावरून कोणी शिकवत असेल असं मला वाटत नाही. मला त्याचा अभिमानच होता.

गेल्या वर्षी नववी ब चा तास होता. ढकलणारा आदित्य, अंगानं काडी. पाट धरून प्रज्ञा. ती थोराड अंगाची. तिचे वडील पहाटेच्या बसनं काटोलहून संत्री आणतात आणि आई सदरच्या बाजारात त्यांची हातगाडी लावते. पोरगी हुशार आणि तोंडाळ. मी दोन्ही गाड्यांच्या मधे वाकून, एकेक हात एकेका गाडीवर. मॅडम खडू घेऊन किती सरकतं ते आखायला. मॅडम म्हणाल्या, "सोडा!" मी सोडलं. आदित्यनं जीव खाऊन पाटाला रेटा दिला. प्रज्ञा थोडी मागे गेली. आदित्य हलका, तो सणसणत मागे गेला, गाडीचं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं, गाडी थांबली आणि तो त्या बाहुलीसारखाच कलंडला, फक्त पुढे नाही तर मागे, कारण तो मागेच चालला होता. मागे गादी लावलेली होती, पण गाडी तिरकी गेली होती. हात अंगाखाली आला. मनगटाजवळचं हाड मोडलं.

पोरगं रडलं, मी रडले, मॅडमनी पट्टीची झोळी करून दवाखान्यात नेलं. इथवर कोणाचं काही चुकलं असेल तर आमचं, की त्या सांध्यावर चटई घालायला हवी होती. ते मॅडमनी त्याच दिवशी लिहून दिलं.

पण संध्याकाळपर्यंत गोष्ट बदलली. आदित्यचे वडील बांधकामवाले, शाळेच्या नव्या इमारतीचं काम त्यांच्याकडेच. त्यांनी दवाखान्यात मुलाला विचारलं म्हणे, "कोण होतं समोर?" मुलगा म्हणाला प्रज्ञा. झालं! मुलगा मागे पडला, म्हणजे समोरून कोणीतरी ढकललं. समोर कोण? ती. दिसते कशी? दांडगी. राहते कुठे? शाळेमागच्या वस्तीत. यापुढे त्यांना काही विचारायचंच नव्हतं. त्यांनी सांगितलं, मुलीला शाळेतून काढा, नाहीतर मी पोलिसात जातो.

आणि आमचे लोक! शिकलेसवरलेले! ज्यांनी तिसरा नियम स्वतः पाठ करून मार्क घेतलेत, पोरांकडून पाठ करून घेतलाय, क्रिया प्रतिक्रिया एका दमात म्हणून दाखवतात, त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही की ढकलणारा स्वतःही मागे जातो. पुस्तकात जातो, आमच्या शाळेत जात नाही.

दुसऱ्या दिवशी सचिवसाहेबांनी मला बोलावलं. खुर्ची दिली. मला आजवर त्या खोलीत कोणी खुर्ची दिली नव्हती, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मागणं आहे.

"मावशी, शाळा म्हणजे आपलंच घर आहे ना?"

"हो साहेब."

"मग घरातली भांडी घरातच वाजली पाहिजेत. उद्या पालक येऊन राहिले. तुम्ही जवळ होत्या. तुम्ही एवढंच म्हणायचं की मुलीनं पाट पुढे लोटला. मॅडमवर काही येणार नाही, तुमच्यावरही नाही."

"आणि मुलीवर?"

"तिले दुसरी शाळा भेटेल."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हणायचा धीर झाला नाही. घरी येऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला काय दिसलं?" मी म्हटलं, पाट मिठीत होता. ते म्हणाले, "मग तेच सांग. काम गेलं तर बघू." बघू म्हणणं सोपं असतं. इथं आमचं कोण आहे? अडीअडचणीला राजापूर दोन दिवसांच्या वाटेवर.

बैठक प्रयोगशाळेतच ठेवली, कारण जागा दाखवायची होती. सचिवसाहेब, मुख्याध्यापक, बोरकुटे मॅडम, आदित्य प्लास्टरमधला हात गळ्यात घालून, त्याचे वडील, आणि प्रज्ञा आईबरोबर. आई गाडी कोणाच्या तरी हवाली करून धावत आली होती, साडीला संत्र्याचा वास.

मला विचारलं. मी कसंबसं म्हटलं, "पाट तिनं असा धरला होता, दोन्ही हातांनी. तिनं लोटला नाही. तिचे हात मोकळेच नव्हते." सचिवसाहेब माझ्याकडे पाहतच राहिले. घरातली भांडी मी रस्त्यावर नेऊन आपटली, अशी ती नजर होती.

आदित्यचे वडील हसले. "बाई, तुमचं शिक्षण किती?"

"सातवी."

"मग राहू द्या. माह्या पोरानं ढकललं असतं तर पोरगी पडली असती. साधी गोष्ट आहे. ढकलणारा कधी पडते काय?"

मॅडम समजावायला लागल्या की दोघांवरही सारखाच जोर असतो, हलका जास्त सरकतो. वडिलांनी हात वर केला, "मॅडम, पुस्तकातलं नका सांगू. मी जिंदगीभर सिमेंटचे ठेले ढकलले. कधी मागं गेलो नाही."

"कारण तुमचे पाय जमिनीवर होते," मॅडम म्हणाल्या. "गाडीवर नव्हते."

तेव्हा प्रज्ञाची आई, जी आत्तापर्यंत पदराचं टोक पिळत उभी होती, म्हणाली, "मंग करूनच पाहा ना साहेब. गाड्या तं इथंच आहेत."

आणि आदित्यचे वडील बसले! मानलं पाहिजे, घाबरणारा माणूस नव्हता. बूट काढून, मांडी घालून त्या फळीवर. समोर बसायला मॅडमना नाही म्हणाले, प्रज्ञाला नाही म्हणाले, या दोघी चलाखी करतील. "ह्या बाईले बसवा. सातवी शिकलेल्या आहेत, चलाखी नाही जमणार." मला वाटलं जमीन दुभंगावी. पण मी बसले. पाट छातीशी घट्ट धरला, डोळे मिटले आणि मनात मामंजींपासून ग्रामदेवतेपर्यंत सगळ्यांना हाक मारली.

त्यांनी ढकललं. मी खडखडत गेले ती थेट भिंतीपाशी गादीत. डोळे उघडले तर ते टेबलाला टेकलेले, हातभर मागे.

"साहेब, तुमची गाडी मागं आली," प्रज्ञाची आई म्हणाली.

"फरशीले उतार आहे."

मॅडम म्हणाल्या, "मग जागा बदला." बदलली. आता त्यांचं तोंड दाराकडे, माझी पाठ. पुन्हा ढकललं. मी दाराबाहेर वरांड्यात. ते पुन्हा मागे, यावेळी कपाटावर.

मुख्याध्यापकांना खोकला आला. वडिलांचा चेहरा लाल झाला होता. फळीवर बसल्या बसल्या माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "ह्या बाईनं ढकललं मले!"

मी! पाट मिठीत धरून, डोळे मिटून, वरांड्यात जाऊन पडलेली मी! इतका वेळ मी घाबरून होते. त्या क्षणी भीती कुठे गेली कोण जाणे. मला एकदम कळलं की या माणसानं आत्ता स्वतःच्या अंगावर दोनदा पाहिलंय, आणि तरीही त्याला दोष द्यायला समोर कोणीतरी हवंय. काल ती पोरगी होती, आज मी. "अहो, मी कशाला ढकलू तुम्हाला?" मी ओरडले.

मग आदित्य बोलला. आत्तापर्यंत त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. "पप्पा, मावशींनी काही नाही केलं. मी पण असाच पडलो. मीच ढकललं होतं, जोरात."

"मग तू तेव्हा काहून नाही सांगितलं बे?"

"तुम्ही विचारलं समोर कोण होतं."

इथं गोष्ट संपायला हवी होती, नाही का? आपल्याकडे नाही संपत. सचिवसाहेब खाकरले आणि म्हणाले, "ठीक आहे. काढायचं काही कारण नाही. पण एवढं झालंच आहे, पालक एवढे आले आहेत, तर मुलीनं दोन ओळींची माफी लिहून द्यावी आणि विषय मिटवावा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण मुख्याध्यापक कागद काढत होते. मॅडम म्हणाल्या, "कशाची माफी, सर?" मुख्याध्यापकांनी कागद टेबलावर ठेवला. आणि खरं सांगते, मला सगळ्यात जास्त राग तेव्हा आला. ते बिचारे वडील निदान अडाणीपणानं चिडले होते. हे तर समजून उमजून करत होते. एकाचा तोरा राहावा म्हणून जिनं काहीच केलं नाही तिनं वाकावं, आणि त्याला मिटवणं म्हणायचं!

प्रज्ञाच्या आईचं अवसान संपलं होतं. ती म्हणाली, "लिहून दे वं. शाळा तं राहीन."

प्रज्ञा कागदापाशी गेली. पेन घेतलं. मग मागे वळून आईला म्हणाली, "काय लिहू? मले ढकललं त्याबद्दल मी माफी मागते?"

आई पुढे झाली आणि पोरीच्या हातातून पेन काढून टेबलावर ठेवलं. "नाही लिहीत ते," म्हणाली. "साहेब, आम्ही पोरीले शिकायले पाठवतो. हे शिकवाचं असन तं तिले घरीच ठेवतो." पोरीचं दप्तर खांद्याला लावून दारापर्यंत गेलीसुद्धा.

थांबवलं कोणी, तर आदित्यच्या वडिलांनी. बूट घालत होते, वर न बघता म्हणाले, "जाऊ द्या हो. राहू द्या तिले."

प्रज्ञा राहिली. यंदा दहावीत आहे. प्लास्टर निघालं त्या दिवशी आदित्य प्रयोगशाळेच्या दाराशी आला, ती काटे पुसायला मला मदत करत होती. म्हणाला, "सॉरी." ती म्हणाली, "हात सरळ होते का आता? मंग ठीक आहे." त्या सगळ्या प्रकरणात सॉरी हा शब्द फक्त त्या पोरानं उच्चारला. प्रज्ञाकडे सचिवसाहेब आले नाहीत, मुख्याध्यापक आले नाहीत, ते वडील आले नाहीत. तिच्याबद्दल शाळाभर जे बोललं गेलं ते परत घ्यायला कोणी आलं नाही.

आणि गाड्या? त्या सुरक्षेच्या कारणास्तव कपाटात गेल्या. चटई आणली असती तर भागलं असतं, मॅडमनी तीनतीनदा सांगितलं. नाही. यंदाच्या नववीला तिसरा नियम तोंडपाठ आहे, हवा तर येऊन विचारा, एका दमात म्हणतील. 'काहून' कोणी विचारत नाही.

माझं काम गेलं नाही. त्याबद्दल मी सचिवसाहेबांची ऋणी आहे, अगदी मनापासून. ते हा अंक दरवर्षी वाचतात हेही मला ठाऊक आहे. आजही भीती वाटतेच. पण वाचून त्यांनी मला बोलावलं तर मी जाईन, खुर्ची दिली तर बसेन, आणि विचारेन: साहेब, चटई मी आणते, कपाट कधी उघडायचं?